जखमी कुत्रा, रिकामा खिसा आणि आपली जबाबदारी

सर्व स्तुती त्या अल्लाहसाठी, जो साऱ्या विश्वांचा पालनहार आहे, आणि दरूद व सलाम त्या पैगंबरांवर (स.), ज्यांना त्याने साऱ्या विश्वांसाठी कृपा बनवून पाठविले.



हदीसच्या ग्रंथांत एका अनाम वाटसरूची हकिकत आली आहे. ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्या कथनाने ती बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत नोंदलेली आहे. वाटसरूला कडक तहान लागली होती. वाटेत विहीर दिसली, तो आत उतरला, पाणी प्याला आणि वर आला. पाहतो तो एक कुत्रा तहानेने जीभ बाहेर काढून ओली माती चाटत होता. माझी जी अवस्था मघाशी होती तीच याची आता आहे, असे त्याच्या मनात आले. तो पुन्हा विहिरीत उतरला, पायातील चामडी मोजा पाण्याने भरला, दोन्ही हात वर चढण्यासाठी मोकळे राहावेत म्हणून तो दातांत धरला आणि वर येऊन कुत्र्याला पाणी पाजले. अल्लाहने त्याच्या या कृतीची कदर केली आणि त्याला क्षमा केली. सहाबांनी आश्चर्याने विचारले की, जनावरांच्या बाबतीतही आम्हाला पुण्य मिळते काय? प्रेषितांनी (स.) उत्तर दिले, त्याचा आशय असा की, ज्याच्या छातीत ओले काळीज आहे अशा प्रत्येक जिवाशी भलाई करण्यात पुण्य आहे.

ही हदीस आपण अनेकदा ऐकली आहे. तिच्यातील दोन गोष्टी मात्र सहसा नजरेतून निसटतात. पहिली ही की, त्या माणसाजवळ बादली नव्हती, दोर नव्हता, भांडे नव्हते. जे साधन अंगावर होते त्यानेच त्याने काम भागविले. दुसरी ही की, तो कुत्रा त्याचा नव्हता. त्याने तो पाळला नव्हता, त्याच्यापासून कसला लाभ नव्हता आणि ते कृत्य पाहणारा अल्लाहवाचून कोणी नव्हता. आजच्या विषयाचा पाया या दोन गोष्टींत आहे.

एक प्रश्न

आमच्या मालेगावातील एका यंत्रमाग कामगार भावाने शुक्रवारच्या नमाजनंतर थांबून विचारलेला प्रश्न येथे मांडतो. त्यांच्या गल्लीत राहणाऱ्या एका कुत्र्याला रिक्षाची धडक बसली. मागच्या पायाला मोठी जखम झाली, चार दिवसांत तिच्यातून दुर्गंधी येऊ लागली. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा शाळेतून आल्यावर त्या जखमेवर हळद टाकू लागला. शेजाऱ्यांनी मुलाला दटावले की, कुत्रा नापाक आहे, हात लावू नकोस. वडिलांनी खासगी पशुवैद्याकडे चौकशी केली, तर सांगितलेला खर्च त्यांच्या आठवड्याच्या पगाराइतका निघाला. घरात पाच तोंडे, त्यातच मंदीमुळे माग पूर्ण वेळ चालत नव्हते. त्यांनी विचारले, “मौलाना, हा कुत्रा माझ्या डोळ्यांदेखत मेला, तर अल्लाह मला विचारील काय? आणि मी मुलाला काय सांगू?”

हा प्रश्न एका माणसाचा नाही. मोसम नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेल्या या कष्टकऱ्यांच्या शहरात, आणि अशा प्रत्येक शहरात, जिथे माणसाच्याच औषधाचे पैसे जुळवताना दमछाक होते, तिथे तो रोज उभा राहतो. म्हणून त्याचे उत्तर टप्प्याटप्प्याने पाहू.

पाळलेला प्राणी आणि गल्लीतील प्राणी

शरीअतने जबाबदारीचे दोन स्तर मानले आहेत. बुखारी व मुस्लिममध्येच त्या स्त्रीचाही उल्लेख आहे, जिने मांजर कोंडून ठेवले. तिने त्याला खायला दिले नाही आणि जमिनीवरील किडेमुंग्या शोधून खाण्यासाठी मोकळेही सोडले नाही. मांजर मेले आणि ती स्त्री शिक्षेस पात्र ठरली. येथे गुन्ह्याचे मूळ पाहा. ज्याचा मार्ग आपण अडवला, ज्याला आपल्या ताब्यात घेतले, त्याचे पोषण आपल्यावर बंधनकारक होते. शेताच्या किंवा गोठ्याच्या राखणीसाठी कुणी कुत्रा पाळला असेल, तर त्याचे अन्न, पाणी आणि दुखापतीतील देखभाल ही मालकाची जबाबदारी आहे. तो म्हातारा झाला, राखणीच्या कामाचा उरला नाही, म्हणून ही जबाबदारी संपत नाही. सातव्या हिजरी शतकातील थोर फकीह इमाम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम यांनी माणसावरील जनावरांचे हक्क मोजताना हे स्पष्ट केले आहे की, जनावर आजारी किंवा वृद्ध होऊन निरुपयोगी झाले, तरी त्याच्यावरील खर्च चालूच ठेवला पाहिजे. आपले उलेमा साडेसातशे वर्षांपूर्वी जे लिहून गेले, ते आज आपल्याला नवे वाटावे, ही खेदाची गोष्ट आहे.

गल्लीतील कुत्र्याचे तसे नाही. त्याचा खर्च कुणा एका व्यक्तीवर फर्ज नाही. त्या कामगार भावाने मुलांच्या तोंडचा घास काढून किंवा कर्ज काढून त्याचा इलाज करावा, अशी शरीअतची मागणी नाही. अल्लाह कोणत्याही जिवावर त्याच्या ताकदीपलीकडचा भार टाकत नाही, हे सूरह अल-बकराच्या शेवटच्या आयतीत सांगितले आहे, आणि बायकामुलांचे पोषण हे पुरुषावरील पहिले कर्तव्य आहे. म्हणून, बंधूंनो, पशुवैद्याचा खर्च झेपला नाही एवढ्यासाठी स्वतःला अपराधी समजू नका.

तथापि येथे थांबून चालणार नाही. पैसा नाही याचा अर्थ काहीच नाही असा होत नाही. त्या वाटसरूजवळही बादली नव्हती. जे हातात आहे तेही न करणे आणि वर “आमची ऐपत नाही” म्हणणे, ही पळवाट आहे. ऐपतीची सीमा जिथे खरोखर येते, तिथेच जबाबदारी संपते. त्याच्या आधी नाही.

नापाकीचा प्रश्न

शेजाऱ्यांनी मुलाला जे सांगितले त्यात अर्धे सत्य आहे, आणि अर्धे सत्य अनेकदा दयेच्या आड येते. म्हणून हा मसला नीट समजून घ्या.

हनफी मतानुसार कुत्र्याची लाळ नापाक आहे, परंतु कुत्रा डुकराप्रमाणे मुळातच पूर्णतः नापाक नाही, असे मत फतव्यासाठी स्वीकारलेले आहे. त्याचे अंग, अगदी ओले अंगसुद्धा, कपड्याला लागले आणि त्यावर लाळ, रक्त वा अन्य घाण नसेल, तर कपडा नापाक होत नाही. लाळ, रक्त किंवा पू हाताला लागला, तर हात धुवावेत. कपड्याला लागला, तर तेवढा भाग धुवावा. कुत्र्याने तोंड घातलेले भांडे तीन वेळा धुणे आवश्यक आणि सात वेळा धुणे उत्तम.

आपले कोकणातील बांधव बहुतांशी शाफई आहेत. त्यांच्या मतानुसार कुत्र्याचे सर्वांग नापाक आहे आणि ओलसर स्पर्श झाल्यास सात वेळा, त्यांपैकी एकदा मातीने, धुवावे लागते. मात्र दोन्ही बाजू कोरड्या असतील तर नापाकी लागत नाही. त्यांच्यासाठी सोपा उपाय हा की, रबरी हातमोजे घालावेत आणि काम झाल्यावर ते टाकून द्यावेत. मालिकी मतात तर जिवंत कुत्रा पाकच मानला जातो. मतभेद असा आहे. परंतु कुत्र्याला मदत करू नये, असे यांपैकी एकाही इमामाने म्हटलेले नाही. आणि कुत्र्याच्या स्पर्शाने वुजू तुटत नाही. जिथे घाण लागली ती जागा धुतली की काम झाले.

नापाकी धुता येते. कणव एकदा मनातून गेली, तर ती कोणत्या पाण्याने परत आणणार? आईसुद्धा बाळाचे मलमूत्र स्वच्छ करते, मग हात धुऊन नमाजला उभी राहते. तहारतचे नियम अल्लाहने इबादत सुलभ व्हावी म्हणून दिले आहेत, कष्टी जिवापासून तोंड फिरवण्याचा बहाणा म्हणून नव्हे. बुखारीतील ह. इब्ने उमर (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषितांच्या (स.) काळात मस्जिदमध्ये कुत्रे येत-जात असत आणि त्यासाठी तिथे पाणी शिंपडले जात नसे. मग मस्जिदच्या पायरीशी निजलेल्या कुत्र्याला लाथ मारणारा कोणत्या सुन्नतचे पालन करतो, हे त्यानेच सांगावे.

काही जण मदीनेतील कुत्रे मारण्याच्या आदेशाचा दाखला देतात. मुस्लिममधील ह. जाबिर (रजि.) यांच्या कथनातच पुढे आहे की, प्रेषितांनी (स.) नंतर ते मारण्यास मनाई केली. एका विशिष्ट काळ्या कुत्र्याचा जो अपवाद तिथे येतो, त्याविषयीही इमाम नववींनी ज्येष्ठ इमामांचे मत नोंदवले आहे की, निरुपद्रवी कुत्रा कोणत्याही रंगाचा असो, त्याला मारण्याची मनाई अखेरीस कायम झाली. विनाकारण केवळ हौसेसाठी घरात कुत्रा ठेवणाऱ्याचे पुण्य रोज घटते, ही हदीसही खरी आहे. शिकार, शेती आणि गुरांची राखण यांसाठी सूट आहे. परंतु घरात न ठेवणे वेगळे आणि दारात तडफडू देणे वेगळे. सूरह अल-कहफमध्ये गुहेतील त्या ईमानवंत तरुणांबरोबर, उंबऱ्यावर पुढचे पाय पसरून बसलेल्या त्यांच्या कुत्र्याचाही उल्लेख अल्लाहने जपून ठेवला आहे. तो गुहेच्या आत नव्हता, दाराशी होता; तरीही तो त्यांच्या हकिकतीतून वगळला गेला नाही.

थोड्या पैशांत काय करता येईल

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. प्रेषितांनी (स.) उपचार करण्यास सांगितले आहे आणि वैद्यकाचे ज्ञान नसता उपचार करून इजा करणाऱ्याला जबाबदार धरले आहे. म्हणून घरच्या घरी काय करावे याइतकेच, काय करू नये हेही महत्त्वाचे आहे.

सर्वप्रथम स्वतःची सुरक्षा. स्वतःला विनाशात लोटू नका, अशी कुरआनची आज्ञा आहे. कुत्रा दुखण्याने कळवळत असतो. ज्याने रोज भाकरी दिली त्यालाही तो चावू शकतो. तोंडातून सतत लाळ गळत असेल, जबडा लोंबत असेल, चाल अडखळत असेल, आवाज बदललेला असेल किंवा तो कारणाशिवाय दिसेल त्याला चावत असेल, तर तो पिसाळलेला असू शकतो. त्याच्याजवळ मुळीच जाऊ नका; मुलांना दूर ठेवा आणि महानगरपालिकेला कळवा. लक्षणे सुरू झाल्यावर रेबीज जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो.

कुत्रा ओळखीचा व शांत असेल, तर समोरून न जाता बाजूने, हळू आवाजात बोलत जा. एक प्रौढ धरायला आणि एक उपचाराला, असे दोघे असावेत. जुन्या ओढणीची लांब पट्टी घेऊन तिचा फास नाकाडाभोवती घाला, खाली जबड्याशी आवळा आणि टोके कानांमागे नेऊन बांधा. श्वासाला त्रास होत असेल, उलटी होत असेल किंवा तोंडालाच जखम असेल, तर असे बांधू नका. काम होताच पट्टी सोडा. लहान मुलांनी जखमेला हात लावू नये. त्यांनी पाणी आणून द्यावे, भाकरी ठेवावी. त्यांच्या वाट्याचे पुण्य त्यातही आहे.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून पाच ते दहा मिनिटे सलग दाबून धरा. मधून मधून उचलून पाहू नका. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा.

धुण्यासाठी अर्धा लिटर पाणी उकळून, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घालून कोमट होऊ द्या. सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजने किंवा बाटलीच्या झाकणाला भोक पाडून ते पाणी जखमेवर सोडा. माती, केस, पू वाहून जाऊ द्या. जखमेभोवतीचे केस बोथट टोकाच्या कात्रीने कापले तर जखम कोरडी राहते. मग औषधांच्या दुकानात मिळणारे पोव्हिडोन आयोडीन पाण्यात मिसळून, फिकट चहाचा रंग येईल इतके पातळ करून लावा. हे रोज करावे लागते. एका दिवसाच्या उत्साहाने जखम भरत नाही. मीठ, पाणी, जुने धुतलेले कापड आणि एक छोटी बाटली, एवढ्यात गल्लीतील अनेक साध्या जखमा बऱ्या होतात.

आता काय करू नये. जखमेवर फिनाईल, रॉकेल, पेट्रोल, चुना, मिरची किंवा यंत्रमागाचे जुने तेल ओतू नका. या गोष्टी मांस जाळतात आणि कुत्रा त्या चाटतो तेव्हा विष पोटात जाते. मागाखाली साठणाऱ्या सुताच्या कचऱ्याने जखम पुसू नका. त्याचे तंतू आत अडकून जखम पुन्हा सडते. खोल जखमेत हळद ठासून भरू नका. आत पू कोंडतो. आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, कुत्र्याला कदापि देऊ नका. आपल्याला आराम देणारी गोळी त्याचे यकृत, मूत्रपिंड किंवा आतडे निकामी करू शकते. दया अज्ञानाबरोबर चालू लागली की तिचा जुलूम व्हायला वेळ लागत नाही.

काही जखमा घरच्या उपचाराच्या पलीकडच्या असतात. हाड दिसत आहे, पोटाला किंवा डोळ्याला जखम आहे, दहा मिनिटे दाबूनही रक्त थांबत नाही, कुत्रा उठू शकत नाही, अन्नपाणी सोडले आहे, किंवा जखमेत अळ्या पडल्या आहेत, अशा वेळी पशुवैद्य हाच उपाय. दुर्गंधी येणे, माश्या घोंघावणे आणि कुत्र्याने एकच जागा सारखी चाटणे ही अळ्यांची खूण आहे. त्या कामगार भावाने सांगितलेली लक्षणे हीच होती. अळ्या काढणे आणि त्यावरचे इंजेक्शन वजनाप्रमाणे देणे हे जाणकाराचे काम आहे. ते लवकर केले तर खर्च थोडा, उशीर केला तर पाय जातो किंवा जीव.

चावा किंवा ओरखडा झालाच, किंवा आपल्या अंगावरील जखमेला त्याची लाळ लागली, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस घ्या. डॉक्टर सांगतील त्या सर्व तारखांना जा. एक इंजेक्शन घेऊन बाकीची सोडून देणे हा स्वतःच्या जिवाशी खेळ आहे. झाडपाला, मिरची आणि ताईत यांवर विसंबून लस टाळणे म्हणजे तवक्कुल नव्हे. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची शिकवण आपल्याला प्रेषितांनीच (स.) दिली आहे.

पैसा कुठून यावा

खासगी दवाखाना परवडत नसेल तर प्रथम शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्याचा मार्ग धरा. पशुसंवर्धन विभागाचे आणि जिल्हा परिषदेचे दवाखाने तालुक्याच्या ठिकाणी व मोठ्या गावांत असतात. तिथे शुल्क नाममात्र असते. आपल्याकडे बकरी आजारी पडली की लोक तिथे जातात, परंतु कुत्र्याला नेण्याचे कुणाला सुचत नाही. सकाळच्या वेळेत जा. 1962 या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते. ही सेवा मुख्यतः पशुपालकांच्या जनावरांसाठी आहे, तरी विचारण्यात कमीपणा नाही. खासगी डॉक्टरकडे जावे लागले, तर आपली ऐपत आधीच स्पष्ट सांगा आणि “एवढ्या पैशात सर्वांत आवश्यक काय करता येईल?” असे विचारा. पुष्कळ डॉक्टर त्यातून वाट काढतात. गरिबी सांगण्यात लाज नाही; उधारी करून चुकवण्यात आहे.

भटक्या कुत्र्यांचे लसीकरण व निर्बीजीकरण ही 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. मोहल्ल्याने एकत्र अर्ज देऊन तिचा आग्रह धरावा. कुत्र्यांची संख्या व चाव्यांची भीती कमी झाली, तर दगडही कमी उचलले जातील. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय आहे, ज्याला लोक ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणून ओळखतात. एकोणिसाव्या शतकात एका पारशी कुटुंबाच्या दानातून ते उभे राहिले आणि आजही जनावरांवर तिथे उपचार होतात. संख्येने मूठभर असलेल्या समाजाने हे केले. ज्या उम्मतला प्रेषितांनी (स.) ओल्या काळजाच्या प्रत्येक जिवाची शिकवण दिली, तिच्या नावावर असे काम किती आहे, याचा विचार आपण करावा.

येथे काही मसले लक्षात ठेवा. जकातचे पैसे जनावराच्या उपचारावर खर्च करता येत नाहीत. जकात हक्कदार माणसाच्या मालकीत गेली पाहिजे. कुर्बानीच्या कातड्याच्या विक्रीतून आलेल्या पैशांचाही हक्क गरिबांचा आहे. मस्जिदसाठी आलेली देणगी मस्जिदवरच खर्च व्हावी. मात्र ऐच्छिक सदका यासाठी निःसंशय देता येतो. एका गल्लीतील वीस घरांनी आठवड्याला दहा-दहा रुपये वेगळे काढले, तर महिन्याकाठी सुमारे आठशे रुपये जमतात. एका घराला जे अशक्य, ते वीस घरांना एका चहाच्या किमतीत शक्य होते. हिशेब एका विश्वासू व्यक्तीकडे लेखी ठेवा आणि सर्वांना दाखवा. या कामात शेजारचे हिंदू बांधव सामील होऊ इच्छित असतील, तर त्यांना आनंदाने घ्या. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणाऱ्या संत नामदेवांची कथा या मातीत घरोघर सांगितली जाते. आपली मुलेही ती ऐकून आहेत. आपला अकीदा वेगळा आहे आणि तो स्पष्ट आहे. पण मुक्या जिवावरील दया ही आपल्याला शेजाऱ्यांशी जोडणारी भलाई आहे, आणि भलाईच्या कामात परस्परांना साहाय्य करण्याची आज्ञा कुरआननेच दिली आहे.

सर्व करूनही

कधी सारे करूनही प्राणी वाचत नाही. जगण्याची आशा नाही आणि यातना मात्र असह्य आहेत, असे पशुवैद्याने सांगितले, तर पुढचा निर्णय त्याच्या सल्ल्याने व्हावा. अशा प्राण्याला कमीत कमी वेदनेने मृत्यू देण्यास अनेक उलेमांनी परवानगी दिली आहे. काहींनी सावधगिरी बाळगली आहे. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. दगडाने ठेचणे, विष घालणे, पोत्यात भरून नदीत टाकणे हे हराम क्रौर्य आहे, आणि कायद्यानेही गुन्हा आहे. जबह करतानाही सुरी धारदार करून जनावराला आराम द्या, असे ज्या धर्माने शिकवले, त्याच्या अनुयायाने असे हात रंगवू नयेत.

आणि प्राणी मेला, तर त्याला रस्त्यावर कुजू न देता महानगरपालिकेला कळवा किंवा वस्तीपासून दूर खोल पुरा. हाही रस्त्यातील त्रास दूर करण्याचाच भाग आहे, ज्याला हदीसमध्ये ईमानची शाखा म्हटले आहे.

मुलाला काय सांगावे

प्रश्नाचा दुसरा भाग अधिक नाजूक आहे. दहा वर्षांचा मुलगा हळद घेऊन कुत्र्याकडे गेला, ते त्याला कुणी शिकवले नव्हते. प्रत्येक बालक निर्मळ स्वभावावर जन्मते, त्या स्वभावाची ती साक्ष होती. त्याला “नापाक आहे, सोड” म्हणून परत आणले, तर तो पुढे दोन गोष्टी शिकेल: दुखण्याकडे पाठ फिरवता येते, आणि त्यासाठी धर्माचे नाव घेता येते. यांपैकी दुसरी गोष्ट अधिक घातक आहे.

त्याला सांगा की, बाळ, तुझे मन बरोबर होते. फक्त रीत शिकून घे. हात मोठी माणसे लावतील, तू पाणी भर. नंतर हात असे धुवायचे. आपल्याजवळ जेवढे आहे तेवढे आपण केले, उरलेले अल्लाहच्या हाती आहे. कुत्रा बरा झाला तर अल्लाहचे आभार मान. नाही झाला तरी तुझे पाणी त्याच्याकडे जमा आहे. पृथ्वीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हे तुमच्यासारखेच समुदाय आहेत, असे सूरह अल-अन्आममध्ये अल्लाहने सांगितले आहे. तेव्हा गल्लीतील तो जीव बेवारस नाही; त्याचा मालक तोच आहे जो आपला आहे.

म्हणून, वाचकहो, या आठवड्यात एवढे तरी करा. आपल्या दाराशी मातीच्या भांड्यात पाणी ठेवा आणि ते रोज बदला. जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता व वेळ विचारून घरात लिहून ठेवा. मुलाच्या हातातील दगड काढून घ्या आणि का काढला ते त्याला समजावून सांगा. गल्लीत कुणी जखमी जिवाला मदत करत असेल, तर त्याची थट्टा न करता त्याच्या शेजारी उभे राहा. यांतील एकाही कामाला आठवड्याच्या पगाराची गरज नाही.

हे अल्लाह, आमच्या हृदयांत तुझ्या साऱ्या निर्मितीविषयी कणव घाल. आमच्या कष्टकरी बांधवांच्या रोजीत बरकत दे. आमच्या मुलांच्या मनातील कोमलता आमच्या कठोर शब्दांपासून वाचव. आमच्याजवळ जे थोडे आहे ते तुझ्या मार्गात लावण्याची बुद्धी दे आणि त्या थोड्याचा तुझ्या कृपेने स्वीकार कर. आमीन.